हातघाईचे नियम लिहिताना

टेबलवर छोट्या पुतळ्यांनी फँटसी स्किर्मिश खेळणाऱ्या कुठल्याही ग्रुपमधे कधी ना कधी कोणीतरी म्हणतंच की यार आता आपण आपलेच नियम लिहू. आमच्यात ते म्हणणारा मी नव्हतो, पण हातघाईचा भाग मात्र माझ्याच गळ्यात पडला, कारण जादू आणि धनुष्यबाण बाकीच्यांनी आधीच वाटून घेतले होते. हातघाई कोणालाच नको होती. सगळ्यांचं म्हणणं एकच, त्यात काय लिहायचंय, दोघं जवळ आले, फासे टाकले, एक मेला.

तर तसं नसतं, आणि कसं असतं तेच सांगतो.

आधी थोडक्यात, ज्यांनी खेळलं नाहीये त्यांच्यासाठी. स्किर्मिश म्हणजे प्रत्येकाकडे पाच ते दहा मिनिएचर, साधारण २८ मिमीची, प्रत्येकजण स्वतंत्र हलतो, फौजेच्या रांगाबिंगा नाहीत. पट्टीने इंच मोजून चालायचं, टेबलवर पडक्या भिंती, पूल, झाडं मांडलेली असतात. म्हणजे एकेका फिगरला किंमत असते, तिला नाव दिलेलं असतं, रंगवण्यात रात्री घातलेल्या असतात, आणि ती पहिल्याच झटापटीत फुकट मेली की माणूस चिडतो. उलट कोणी मरतच नसेल तर माणूस कंटाळतो. या दोन्हीच्या मधे कुठेतरी नियम बसवायचा असतो.

लिहायला बसण्याआधी दुसऱ्यांनी काय केलंय ते पुन्हा टेबलवर खेळून बघितलं, नुसतं वाचून कळत नाही. पहिला मॉर्डहाइम, गेम्स वर्कशॉप या कंपनीचा, १९९९ चा. त्यात आधी लागलं का त्याचा फासा, मग जखम झाली का त्याचा, मग चिलखताने वाचवलं का, आणि मग जखमेचा तक्ता, १-२ आला तर खाली पडला, ३-४ ला बेशुद्ध, ५-६ ला खेळातून बाहेर. दोन बरोबरीचे पोरं लढतायत, लागायला ४ किंवा वर हवेत, जखमेलाही ४ किंवा वर, चिलखत नाही असं धरा. एका वाराने समोरचा थेट बाहेर जायची शक्यता निघते १२ त एक, म्हणजे ८.३ टक्के. एवढे फासे टाकून बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण तो जखमेचा तक्ता मात्र मला जाम आवडतो, कारण त्यात मरणं आणि न मरणं याच्या मधल्या पायऱ्या आहेत, आणि बेशुद्ध पडलेल्याला कोणी हातघाईत गाठलं की तो आपोआप बाहेर, त्यामुळे आपल्या पडलेल्या माणसापाशी धावत जाऊन उभं राहावंसं वाटतं. गोष्टी अशाच तयार होतात.

मग दुसरं टोक, फ्रॉस्टग्रेव्ह, २०१५ चा, ऑस्प्रे या प्रकाशकाचा. दोघांनी वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपापला फाइट (लढण्याचा आकडा) मिळवायचा, ज्याचा जास्त तो जिंकला, आणि त्याच बेरजेतून हरलेल्याचं आर्मर (चिलखताचा आकडा) वजा केलं की उरेल तेवढी इजा. एका फाशात सगळा निकाल. वेग मस्त. पण वीस बाजूंचा फासा भयंकर लहरी असतो, नाइटचा फाइट +४ आणि ठगाचा +२, म्हणजे दोनाचा फरक, तर नाइट जिंकतो ५७ टक्के वेळा आणि ठग जिंकतो ३८ टक्के. आता नाइटचं आर्मर १३ आहे त्यामुळे ठगाला जिंकूनही बेरीज १३ च्या वर न्यावी लागते, तेवढा आधार आहे नाइटला, पण तरी. काही लोकांना ही लहर फार आवडते. मला दोन गेमपुरती आवडते.

सॉन्ग ऑफ ब्लेड्स अँड हीरोज (२००७) मधे दोघांचे सहा बाजूंचे फासे, आणि हरणाऱ्याच्या बेरजेच्या दुप्पट आकडा आला तर तो खलास, नाहीतर मागे सरकतो नाहीतर आडवा होतो. किती फरकाने जिंकलं याला किंमत देणं ही कल्पना मी तिथून सरळ उचलली, लाज वाटायचं कारण नाही, सगळेच उचलतात.

पण माझं डोकं खरं फिरवलं ते मिडल-अर्थवाल्या (लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या) गेमने, तोही गेम्स वर्कशॉपचाच, २००१ पासूनचा. त्यात हरलेला माणूस आधी एक इंच मागे हटतो आणि मग जिंकणारा वार करतो. आणि मागे हटायला जागाच नसेल, म्हणजे पाठीशी भिंत किंवा दुसरा शत्रू असेल, तर तो अडकला, त्याच्यावर दुप्पट वार. वाचताना हा नियम एका ओळीचा वाटतो. खेळताना मात्र अख्खं टेबल त्यावर चालतं, कारण कोण किती चांगला लढतो यापेक्षा कोण कुठे उभा आहे हे महत्त्वाचं होऊन बसतं.

आमच्या जुन्या खेळांचं दुखणं नेमकं हेच होतं. सगळे मधे येऊन एकमेकांना चिकटायचे आणि तिथेच उभे, शिंगं अडकलेल्या बैलांसारखे, खेळ संपेपर्यंत कोणी इंचभर हलत नसे. एवढं सुंदर टेरेन मांडायचं आणि लढाई कायम टेबलच्या मध्यावर. मग मी ठरवलं की माझ्या नियमात हातघाईचा पहिला परिणाम हलणं हा असेल, मरणं त्यानंतर.

फासे कुठले घ्यायचे यावर मात्र बराच काथ्याकूट झाला. एकेक सहा बाजूंचा फासा घेतला तर हिशोब सोपा, पण एकाचा फरक फार मोठा होतो. बरोबरीचे असतील तर दोघांचे प्रत्येकी ४१.७ टक्के, बाकी बरोबरी. एकाला +१ दिला की लगेच ५८ विरुद्ध २८. +२ दिला की ७२ विरुद्ध १७, आणि +३ ला तर ८३ विरुद्ध ८, मग खेळायचंच कशाला, कागदावरच लिहून टाका कोण जिंकलं ते. वीसवाल्याचं वर सांगितलंच. म्हणून दोन-दोन सहावाले फासे घेतले, दोघांनी टाकायचे आणि आपापली लढाई मिळवायची (लढाई म्हणजे १ ते ५ मधला आकडा, गॉब्लिन २, साधा शिपाई ३, राक्षस ५ असं). यात +१ ला ५५.६ विरुद्ध ३३.६ येतं आणि +२ ला ६६ विरुद्ध २४. म्हणजे चांगला लढणारा चांगला वाटतो पण गॉब्लिनलाही अधूनमधून दिवाळी.

मग फरकाचा तक्ता. आत्ता जो आहे तो असा: बरोबरी झाली तर दोघं अडकले, पुढच्या पाळीत कोणालाच निघता येत नाही. १ किंवा २ ने जिंकलं तर समोरच्याला एक इंच मागे रेटलं, जिंकणाऱ्याने हवं तर मागोमाग जावं नाहीतर तिथेच थांबावं. ३ किंवा ४ ने जिंकलं तर रेटून पाडलं. ५ किंवा जास्त तर जखम. साधा माणूस एका जखमेत बाहेर, हीरो दोन, राक्षस तीन. बस.

बरोबरीच्या दोघांसाठी याचा हिशोब मी एका स्प्रेडशीटमधे मांडला, १२९६ शक्यता होतात दोन्हीकडचे दोन-दोन फासे धरून. बरोबरी ११ टक्के, रेटणं ४१, पाडणं २८, जखम १९. म्हणजे पाचातल्या चार वेळा कोणी जखमी होत नाही, पण दहातल्या जवळपास नऊ वेळा काहीतरी होतं, कोणीतरी हलतं. हाच आकडा मला हवा होता. दोघांतल्या एका ठराविक माणसाला जखम व्हायची शक्यता ९.७ टक्के, म्हणजे मॉर्डहाइमच्या त्या एका वाराच्या आसपासच, फक्त इथे वाया जाणारा फासा नाही.

पडलेल्याला लढाईत वजा २ आणि तो जिंकला तरी फक्त स्वतःचा बचाव करतो. त्याच्यावर जखम व्हायची शक्यता ९.७ वरून २३.९ वर जाते. बाजूला मारणाऱ्याचे आणखी दोन मदतनीस असतील (प्रत्येकाचा +१) तर ४४. त्यामुळे आमच्यात आता आधी पाडा, मग घेरा, मग मारा असा क्रमच पडून गेलाय, आणि तो कोणी शिकवला नाही, तक्त्यातूनच आला.

मदतनिसांचं प्रकरण मात्र सहजासहजी मिटलं नाही. पहिल्या मसुद्यात प्रत्येक मदतनिसाचा +१ होता, मर्यादा नाही. आता २५ मिमीच्या गोल बेसभोवती (बेस म्हणजे फिगर ज्यावर उभी असते ती चकती) २५ मिमीचेच बेस लावले तर बरोब्बर सहा बसतात. म्हणजे एक लढणारा आणि पाच मदतनीस, +५, आणि +५ ला जखमेची शक्यता ५५.६ टक्के होते, निम्म्याहून जास्त. मग सगळ्यांनी स्वस्त गॉब्लिनच घ्यायला सुरुवात केली आणि हीरो बिचारे झुंडीत मरायला लागले. शेवटी मर्यादा घातली, कितीही जण असोत, +२ च्या वर नाही, आणि मदतनीस स्वतः दुसऱ्या कुणा शत्रूच्या तावडीत असेल तर त्याची मदत धरायची नाही. ही दुसरी अट फार कामाची निघाली, कारण मित्राला वाचवायचं असेल तर त्याच्याजवळ जाऊन लढायलाच पाहिजे असं नाही, बाजूच्या मदतनिसाला नुसतं गुंतवलं तरी भागतं.

आणि हो, बेसला बेस चिकटवणं हे बोलायला सोपं आहे. भूमितीत सहा बसतात (४० मिमीच्या भोवती सात, ५० मिमीच्या भोवती नऊ), प्रत्यक्षात तीन बसले तरी नशीब. एकाची तलवार पुढे आलेली, दुसऱ्याचा झगा मागे उडालेला, तिसऱ्याचा भाला आडवा, आणि ज्याची त्याची रंगवलेली फिगर असल्यामुळे कोणी दुसऱ्याला हात लावू देत नाही. भाल्याचं टोक मोडलं की दोस्तीच संपते. म्हणून चिकटण्याची अटच काढून टाकली, एक इंचाच्या आत असला की हातघाई, भालेवाल्याला दोन इंच. फिगरही वाचल्या आणि भाल्याला आपोआप काहीतरी अर्थ आला.

आता तो पुलाचा किस्सा सांगतो, कारण रेटण्याचा नियम तिथेच पक्का झाला. टेबलवर फळकुटांचा पूल, त्यावर राक्षस, ५० मिमीचा बेस, एका बाजूने बेस पुलाच्या कडेला अगदी लागून. तिन्ही बाजूंनी एकेक गॉब्लिन. राक्षसाची लढाई ५, गॉब्लिनची २ अधिक दोन मदतनीस म्हणजे ४. राक्षसाने टाकले २ आणि ३, एकूण १०. गॉब्लिनने टाकले ४ आणि ४, एकूण १२. दोनाचा फरक, राक्षस एक इंच मागे, आणि मागे कड. नियम काय लिहिला होता? बेस अर्ध्याहून जास्त बाहेर गेला तर खाली पडला. ५० मिमीचं अर्धं २५ मिमी, आणि एक इंच म्हणजे २५.४ मिमी. राक्षसवाला म्हणे बरोबर अर्धा बाहेर आहे, पडला नाही. गॉब्लिनवाली म्हणे पॉइंट चार मिलिमीटर जास्त आहे, पडला. मग कोणीतरी व्हर्निअर कॅलिपर काढला, खोटं नाही सांगत, आणि बेस मोजला तर तो ५० पेक्षा किंचित कमी भरला, वर त्याची कड तिरपी, मग वरून मोजायचा का खालून यावर दुसरं भांडण.

तो राक्षस पडला का नाही हे आजपर्यंत ठरलेलं नाही. नियम मात्र त्याच बैठकीत बदलला: बेसचा कुठलाही भाग कडेबाहेर गेला की एक फासा टाक, ४ किंवा वर आला तर कसाबसा सावरून कडेवर थांबला, नाहीतर गेला. मिलिमीटरचा वाद फाशावर ढकलला की संपतो. त्याच दिवशी हेही ठरलं की मागे भिंत असेल, किंवा ज्याच्यातून जाता येत नाही असं काही असेल, तर निकाल एक पायरी वर चढतो, रेटण्याऐवजी पडतो, पडण्याऐवजी जखम. मागे आपलाच माणूस असेल तर तोही एक इंच सरकतो, पण एकच, त्याच्या मागचा तिसरा असेल तर मग भिंतच समजायची, नाहीतर अख्खी रांग ढकलत बसावं लागतं.

हातघाईतून निघायचं कसं, याला आमच्या कागदावर 'काढता पाय' असंच नाव आहे. सुरुवातीला निघताच यायचं नाही. मग निघायचं असेल तर शेजारच्या प्रत्येक शत्रूचा फुकटचा वार, असं केलं, तर कोणी निघेचना, म्हणजे नाव बदललं आणि गोष्ट तीच राहिली. आता असं आहे की आपली अख्खी पाळी खर्च करायची, नेहमीसारखे फासे टाकायचे, जिंकलं किंवा बरोबरी झाली की निम्म्या चालीने निघून जायचं, हरलं तर तक्त्याप्रमाणे भोगायचं. बरोबरीच्या माणसापासून सुटायची शक्यता ५५.६ टक्के. घेरलेला असेल तर मदतनीस धरायचेच, त्यामुळे वेळीच निघालेलं बरं, आणि हे वेळीच ओळखणं म्हणजेच माझ्या मते या खेळातली अर्धी अक्कल.

चाल करून जाणाऱ्याला +१ द्यायचा हे सगळ्यांना मान्य होतं, प्रत्येक गेममधे काही ना काही असतंच तसं. पण आमच्याकडे आधी मोजून बघायला परवानगी आहे आणि धावून जायचं अंतर ठरलेलं होतं, आठ इंच. त्यामुळे दोन्ही बाजू आठ इंच आणि एक केस एवढ्या अंतरावर येऊन थांबायच्या आणि एकमेकांकडे बघत बसायच्या, तुम्ही या, नाही आधी तुम्ही या. आता अंतर सहा इंच अधिक एक फासा, म्हणजे सात ते बारा. पोहोचलं नाही तर तीन इंच पुढे जाऊन उघड्यावर उभं राहायचं. लगेच फरक पडला, सात इंचापर्यंत पक्कं, नऊ-दहा इंचाला पोटात गोळा.

शस्त्रांवर मी फार वेळ घालवला नाही आणि घालवूही नये असं माझं मत आहे. आमच्यातल्या एकाने परशू, गदा, मुद्गर, दांडपट्टा असं करत तेवीस शस्त्रांची यादी आणली होती, प्रत्येकाचं वेगळं काहीतरी. कोणाच्या लक्षात राहणार? चार ठेवली. तलवार: एकदा आपला एक फासा पुन्हा टाकता येतो. भाला: दोन इंच. कुऱ्हाड: जिंकलं तर फरकात +१. दोन हाती हत्यार: जिंकलं तर फरकात +२, पण ढाल नाही आणि चाल करून गेल्याचा +१ नाही. ढालवाला १ च्या फरकाने हलत नाही, जागा धरून ठेवतो, एवढंच, पण पुलाच्या तोंडाशी ढालवाला उभा करून बघा. जड चिलखतवाल्याला जखम करायला ५ ऐवजी ६ चा फरक लागतो. ऐकायला काहीच नाही वाटत ना? बरोबरीच्या लढाईत जखमेची शक्यता ९.७ वरून ५.४ वर येते, जवळजवळ निम्मी. म्हणून त्याची चाल एक इंचाने कमी केली, आणि तरी लोक घेतातच.

मग आला सगळ्यात छळवादी भाग. नियम लिहिणाऱ्याने टेबलवर असूच नये. दोन पानं छापून अशा दोघांना दिली ज्यांनी आमचं एकही भांडण ऐकलेलं नव्हतं, आणि मी मागे खुर्ची टाकून तोंड बंद ठेवून बसलो. फार अवघड असतं हो. पहिल्याच लढाईत 'एक इंच मागे' वर अडले, मागे म्हणजे कुठे? फिगरचं तोंड आहे त्याच्या उलट, का मारणाऱ्यापासून लांब? आमच्या सगळ्यांच्या डोक्यात ते इतकं पक्कं होतं की कागदावर लिहायचंच राहून गेलं होतं. आता लिहिलंय, मारणाऱ्याच्या बेसच्या मध्यापासून हरलेल्याच्या बेसच्या मध्यातून सरळ रेषेत. मग पडलेला माणूस मदतनीस म्हणून धरायचा का (नाही). तो उठला की लगेच लढू शकतो का (नाही, उठणं हीच त्याची पाळी, फक्त अंगावर आलेल्याशी लढतो). मागोमाग गेलेला जिंकणारा तिसऱ्याच शत्रूच्या एक इंचात शिरला तर लगेच लढाई का (नाही, त्या शत्रूची पाळी येईल तेव्हा बघू). फासा टेरेनवर तिरका अडकला तर पुन्हा टाकायचा, हे तर लिहायची गरज पडेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण लिहावं लागलं.

त्या दोघांनी एक गोष्ट अशी केली जी आमच्यापैकी कोणालाच सुचली नव्हती. त्यातल्या एकीने स्वतःचाच हीरो मुद्दाम भिंतीपासून दोन इंच पुढे उभा केला, म्हणजे रेटला गेला तरी मागे जागा राहील, आणि गॉब्लिनने मागोमाग यावं म्हणून वाट बघत बसली. गॉब्लिन आला, आणि तो पुढे येताच दोन्ही बाजूंच्या दारांतून तिचे शिपाई बाहेर. हरलेली लढाई कामाला लावली तिने! मी खुर्चीवर बसून गप्प राहायचं विसरलो आणि ओरडलो.

घोडेस्वारांचं घोंगडं अजून भिजत पडलंय. त्यांचे बेस बहुतेक लंबगोल, ६० बाय ३५ मिमी, आणि मध्यातून मध्यात रेषा काढून आडवा घोडा रेटला की तो पूल, दार, गल्ली कशातच बसत नाही. सध्यापुरतं असं चाललंय की घोडेस्वार रेटला गेला तर त्याच्या मालकाने बेस हवा तसा फिरवावा, पण मध्य एक इंच मागे गेलाच पाहिजे, आणि कसाही फिरवून बसत नसेल तर मागे भिंत आहे असं धरायचं. पुढच्या बैठकीत तीन घोडे घेऊन बघणार आहोत.